घरातल्या डीव्हीडी संगणकावर उतरवायच्या आहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्न, मुंज, बारसं, शाळेचं गॅदरिंग, हँडीकॅमवर घेतलेली सहल, व्हीएचएस कॅसेटवरून उतरवून घेतलेली आजोबांची पंचाहत्तरी. साधारण २००० ते २०१२ या काळातलं असं बरंच काही आज कपाटातल्या डीव्हीडींवरच आहे आणि ती लावायला घरात प्लेअर उरलेला नाही. इथली उत्तरं मुख्यतः अशा घरगुती डिस्कबद्दल आहेत. विकत घेतलेल्या सिनेमांच्या डीव्हीडींचा प्रश्न पुढे वेगळा घेतला आहे.

डीव्हीडी नीट ठेवल्या आहेत, मग घाई कशाला?

घरी किंवा स्टुडिओत लिहिलेली डीव्हीडी आणि कारखान्यात छापलेली डीव्हीडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. छापलेल्या डिस्कमध्ये माहिती प्लास्टिकमध्ये ठशासारखी उमटवलेली असते. लिहिलेल्या डिस्कमध्ये एक सेंद्रिय रंग असतो, लेझरने तो जागोजागी जाळून खुणा केलेल्या असतात. हा रंग ऊन, उष्णता आणि दमट हवेने फिका पडत जातो. डिस्क वरून चकचकीत दिसते आणि आतल्या खुणा पुसट होत असतात. डोळ्यांना ते कळत नाही, ड्राइव्ह अडखळायला लागला की कळतं.

डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि बिघाड बहुधा बाहेरच्या कडेला सुरू होतो. म्हणून पहिली पाऊण डिस्क नीट चालते आणि शेवट अडकतो. लग्नाच्या डीव्हीडीत शेवटी काय असतं ते आठवा: सप्तपदी होऊन गेलेली असते आणि पाठवणी सुरू असते. नेमका तोच भाग आधी जातो.

मग सुरुवात कुठल्या डिस्कपासून करायची?

डिस्क उलटी करून बघा. खालची बाजू चंदेरी असेल तर ती छापलेली, जांभळट किंवा निळसर झाक असेल तर लिहिलेली. जांभळट डिस्क आधी घ्या. त्यातही हँडीकॅमच्या छोट्या डिस्क, वर कागदी स्टिकर चिकटवलेल्या डिस्क आणि प्लास्टिकच्या पाकिटात एकावर एक दाबून ठेवलेल्या डिस्क अगदी पहिल्यांदा. कागदी स्टिकर दमटपणात आक्रसतो, डिस्कला किंचित बाक येतो आणि वेगाने फिरताना ती थरथरते. असा स्टिकर काढायला जाऊ नका, त्याच्यासोबत खालचा थर उचकटू शकतो. वाचायचा वेग कमी करा, पुष्कळदा तेवढ्याने काम होतं.

काय काय सामान लागेल?

यूएसबीला जोडायचा बाहेरचा डीव्हीडी रायटर, संगणक आणि मोकळी हार्डडिस्क. डिस्क ट्रेवर ठेवायची असते तोच ड्राइव्ह घ्या. फटीतून डिस्क आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये ८ सेंटिमीटरची छोटी डिस्क घालू नका, ती आत अडकते.

जागेचा हिशोब सोपा आहे. एका थराची डीव्हीडी ४.७ जीबीची म्हणून विकली जाते, विंडोजला ती ४.३८ जीबी दिसते. दोन थरांची ८.५ जीबीची, पण घरगुती संग्रहात ती क्वचित सापडते. शंभर डिस्क असतील तर मूळ प्रतींसाठी सुमारे ४४० जीबी आणि बघायच्या फाइलींसाठी आणखी दोन-तीनशे जीबी धरा. १ टीबीची हार्डडिस्क पुरते. दुसऱ्या प्रतीसाठी तशीच आणखी एक लागेल, त्याबद्दल पुढे.

ड्राइव्ह मध्येच बंद पडतो, पुन्हा जोडल्याचा आवाज येतो. डिस्क खराब आहे का?

आधी वीजपुरवठा तपासा. हे पातळ ड्राइव्ह फक्त यूएसबीच्या विजेवर चालतात आणि डिस्क फिरायला लागताना एकदम जास्त वीज ओढतात. लॅपटॉपचा अशक्त पोर्ट, लांब केबल किंवा स्वतःचा अ‍ॅडॉप्टर नसलेला यूएसबी हब असला की ड्राइव्ह गुदमरतो. हब काढून टाका, सोबत आलेली आखूड केबल वापरा, डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या पोर्टमध्ये जोडा. दोन तोंडांची केबल मिळाली असेल तर दोन्ही तोंडं लावा.

डिस्कमधलं व्हिडिओ_टीएस हे फोल्डर तसंच कॉपी केलं तर चालेल का?

डिस्क निरोगी असेल तर चालतं, पण ही पद्धत आम्ही सुचवत नाही. त्या फोल्डरमध्ये व्हीओबी नावाच्या फाइली असतात आणि प्रत्येक फाइल १ जीबीला तोडलेली असते. एकच कार्यक्रम चार-पाच फाइलींत पसरतो. नंतर कोणीतरी मधली एक फाइल पुसतो, दुसरा नाव बदलतो आणि जोड तुटतो. शिवाय खराब जागा आली की विंडोजची कॉपी त्या फाइलवरच थांबते आणि त्या फाइलचा पुढचा चांगला भागही हाती लागत नाही.

त्यापेक्षा संपूर्ण डिस्कची एकच आयएसओ फाइल काढा. ती म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत: मेनू, प्रकरणं, आवाज, सगळं जिथल्या तिथे. दर्जात काडीचाही फरक पडत नाही. पुढे बघण्यासाठी हव्या त्या स्वरूपाची फाइल या आयएसओतून कितीही वेळा काढता येते आणि डिस्कला पुन्हा हात लावावा लागत नाही. संपूर्ण कामात हीच पायरी महत्त्वाची आहे. बाकीचं पाच वर्षांनी केलं तरी चालेल, आयएसओ मात्र आत्ता काढा.

आयएसओ कशी काढायची?

विंडोजवर इम्गबर्न हा जुना पण भरवशाचा मोफत प्रोग्राम आहे. त्यात डिस्कवरून इमेज फाइल बनवायचा पर्याय निवडा, वाचनाचा वेग ८ पट ठेवा, जागा आणि नाव द्या आणि सुरू करा. त्याच्या काही डाउनलोडसोबत नको असलेले प्रोग्राम चिकटून येतात, म्हणून इन्स्टॉल करताना प्रत्येक पडदा वाचा आणि जादा गोष्टी नाकारा. मॅकवर डिस्क युटिलिटीमध्ये डीव्हीडी मास्टर हा प्रकार निवडून इमेज काढा. तिचं शेपूट (फाइलनावाच्या शेवटची अक्षरं) सीडीआर असतं, ते बदलून आयएसओ केलं की बाकीचे प्रोग्रामही ती उघडतात.

डीव्हीडीचा एक पट वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८५ एमबी. त्या वेगाने भरलेली डिस्क वाचायला ५६-५७ मिनिटं लागतील. ८ पट वेगाला साधारण १० ते १२ मिनिटं लागतात, कारण पूर्ण वेग फक्त बाहेरच्या कडेलाच मिळतो. तासाला चार-पाच डिस्क सहज होतात, तेही दुसरं काम करता करता.

प्रत निघाली की तीन गोष्टी तपासा. फाइलचा आकार डिस्कवरच्या आकाराइतका आहे का. व्हीएलसी या मोफत व्हिडिओ प्लेअरमध्ये ती उघडते का. आणि सुरुवात, मध्य व शेवटची पाच मिनिटं नीट चालतात का. शेवट बघायचा कधीही टाळू नका, कारण वर दिलेलंच आहे.

डिस्क अर्ध्यावर अडकते, 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' असा संदेश येतो. संपलं का सगळं?

बहुतेक वेळा नाही. पण तोच ड्राइव्ह, तोच वेग, पुन्हा पुन्हा प्रयत्न, यात अर्थ नाही. क्रमाने जा.

पहिल्यांदा डिस्क स्वच्छ करा, पद्धत पुढच्या उत्तरात आहे. मग वाचनाचा वेग २ किंवा ४ पट करा. तरी अडकली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. प्रत्येक ड्राइव्हचं लेझर वेगळं, कमकुवत खुणा ओळखायची ताकद वेगळी. एका ड्राइव्हला रिकामी वाटलेली डिस्क शेजाऱ्यांच्या दहा वर्षं जुन्या डेस्कटॉपमध्ये सुरळीत वाचली जाते, हे नेहमी घडतं. ओळखीत जुना डेस्कटॉप असेल तर मागून आणा.

त्यानंतरचा उपाय म्हणजे डीडीरेस्क्यू. हा लिनक्स या, विंडोजऐवजी चालणाऱ्या प्रणालीवरचा मोफत प्रोग्राम आहे. विंडोजवाल्यांनी पेनड्राइव्हवरून उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) सुरू केलं तरी चालतं, संगणकात काही बदल होत नाही. त्याची रीत अशी: पहिल्या फेरीत तो चांगले भाग भराभर उचलतो आणि खराब जागा सोडून पुढे जातो. दुसऱ्या फेरीत फक्त सोडलेल्या जागांवर परत येतो, तिथे तीन वेळा प्रयत्न करायला सांगायचं. ब्लॉकचा आकार २०४८ द्या, डीव्हीडीचा सेक्टर तेवढाच असतो. काय वाचलं, काय राहिलं याची नोंद तो एका मॅप फाइलमध्ये ठेवतो. ती फाइल जपा. तिच्यामुळे मध्येच थांबता येतं, डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालता येते आणि फक्त उरलेल्या जागा वाचायला लावता येतात.

लग्नाच्या डीव्हीडीबाबत एक मोठी सोय असते. स्टुडिओवाले बहुधा दोन-तीन प्रती देत, एक वराकडे, एक वधूकडे, एखादी मामांकडे. या प्रती एकाच इमेजवरून लिहिलेल्या असतील तर बाइट न् बाइट सारख्या असतात. मग तुमच्या डिस्कवरची भोकं मामांच्या डिस्कवरून भरता येतात: तीच आयएसओ, तीच मॅप फाइल, फक्त डिस्क बदलायची. आधी दोन्ही डिस्कवरच्या फाइलींचे आकार अगदी जुळतात का ते बघा. जुळत नसतील तर त्या वेगवेगळ्या वेळी बनवलेल्या आहेत, त्यांची सरमिसळ करू नका, दोन स्वतंत्र प्रती काढा.

आणि थोडं राहिलंच तर किती नुकसान होतं? डीव्हीडीवर चुका दुरुस्त करायची व्यवस्था १६ सेक्टरच्या, म्हणजे ३२ केबीच्या गठ्ठ्यावर चालते. एक गठ्ठा गेला तर सेकंदाचा विसावा भाग जातो. पण चित्रं एकमेकांवर अवलंबून साठवलेली असतात, सुमारे बारा चित्रांचा एक गट, म्हणून बिघाड अर्धा सेकंद चौकोनी ठिपक्यांच्या रूपात दिसतो. दोन तासांच्या चित्रणात असे आठ-दहा ठिपके आले तर ती प्रत उत्तमच म्हणायची.

शेवटचा उपाय टीव्हीला जोडायच्या जुन्या प्लेअरचा. तो खराब जागा ओलांडून पुढे जातो, संगणकासारखा अडून बसत नाही. त्याच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना यूएसबी कॅप्चर कार्डला लावून ७२० × ५७६ मध्ये रेकॉर्डिंग करा. दर्जा थोडा उतरतो आणि दोन तासांच्या डिस्कला दोन तासच लागतात, पण काहीच न मिळण्यापेक्षा ते लाख पटीने बरं.

डिस्कवर बुरशी आली आहे, पांढरट डाग आहेत. कशाने पुसू?

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात हे हमखास होतं. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, बोटांनी हलकेच चोळायचं, स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि मायक्रोफायबरच्या कापडाने टिपायचं. पुसताना मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नको. माहिती गोलाकार ओळीत असते. आडवा ओरखडा प्रत्येक ओळीचा थोडासा भाग खातो, तो दुरुस्त होतो. ओळीच्या दिशेने गेलेला गोल ओरखडा सलग माहिती खातो, तो दुरुस्त होत नाही. पूर्ण सुकल्याशिवाय ड्राइव्हमध्ये घालू नका आणि उन्हात वाळवू नका.

टूथपेस्ट लावायचा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याने पृष्ठभाग घासला जातो. उथळ ओरखड्याला कधी उपयोग होतो, पण एकुलत्या एका प्रतीवर हा प्रयोग करू नये.

डीव्हीडीत माहितीचा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे वरच्या बाजूचा ओरखडा फारसा बाधत नाही. सीडी आणि व्हीसीडीचं उलट आहे: चमकता थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो. तिथे खरवडलं तर माहितीच खरवडली जाते. दोन चकत्यांच्या मध्ये कडेने बुरशी शिरली असेल तर ती धुऊन निघणार नाही, अशी डिस्क लगेच वाचायला घ्या.

हँडीकॅमची छोटी डिस्क संगणकाला रिकामी दिसते.

डिस्क 'फायनलाइझ' झालेली नाही. कॅमेऱ्याने चित्रण लिहिलं, पण शेवटची अनुक्रमणिका लिहायची राहिली. विंडोज अशा वेळी ही डिस्क कशी वापरायची असं विचारतं. काहीही न निवडता तो चौकोन बंद करा. फॉरमॅटला होकार दिला तर चित्रण धोक्यात येतं.

मूळ कॅमेरा चालू असेल तर डिस्क त्यात घाला, चार्जर जोडा, मेनूतून फायनलाइझ करा, आणि काम संपेपर्यंत कॅमेरा हलवू नका. बॅटरी मेली असली तरी अ‍ॅडॉप्टरवर कॅमेरा चालतो, म्हणून कॅमेरा भंगारात द्यायच्या आधी सगळ्या छोट्या डिस्क तपासा. कॅमेरा नसेल तर आयसोबस्टर हा प्रोग्राम फायनलाइझ न केलेली डिस्कही वाचतो.

काही पुनर्लेखनाच्या छोट्या डिस्कवर व्हिडिओ_टीएस ऐवजी डीव्हीडी_आरटीएव्ही फोल्डर दिसतं आणि आत व्हीआरओ शेपटाची एक मोठी फाइल असते. ती व्हीएलसीमध्ये चालते. छोटी डिस्क १.४ जीबीची असते आणि नेहमीच्या दर्जाला तीवर अर्धा तास मावतो, त्यामुळे एका सहलीच्या चार डिस्क असू शकतात. त्यांचा क्रम लगेच लिहून ठेवा.

काही डिस्क डीव्हीडी नसून व्हीसीडी आहेत. त्यांचं काय?

डिस्क उघडल्यावर एमपेगएव्ही नावाचं फोल्डर आणि आत डीएटी फाइल दिसली की ती व्हीसीडी. चित्र ३५२ × २८८ चं, पद्धत एमपेग-१, एका डिस्कवर सव्वा तासाच्या आसपास. म्हणूनच नाटकांच्या व्हीसीडी दोन-तीनच्या संचात येत.

विंडोजवर डीएटी फाइल सरळ कॉपी करा, शेपूट बदलून एमपीजी करा, व्हीएलसीमध्ये चालेल. डीव्हीडीसारखी आयएसओ इथे नीट निघत नाही, कारण व्हीसीडीचे सेक्टर वेगळ्या मांडणीचे असतात आणि त्यांत चुका दुरुस्त करायची जादा माहितीच ठेवलेली नसते. ओरखड्यांपुढे व्हीसीडी डीव्हीडीपेक्षा दुबळी ठरते तीही यामुळेच. लिनक्सवर व्हीसीडीइमेजर या प्रोग्राममधलं साधन वापरा. फाइल पुन्हा कोणत्याही स्वरूपात बदलत बसू नका. चित्र आधीच काठावरचं आहे, आणखी एकदा दाबलं (कॉम्प्रेस केलं) की चेहरे ओळखू येणार नाहीत.

बघायची फाइल एमकेव्ही करू की एमपी-४?

मेकएमकेव्ही हा प्रोग्राम आयएसओतला कार्यक्रम जसाच्या तसा एमकेव्हीच्या डब्यात भरतो. काही दाबलं जात नाही, पाच-दहा मिनिटांत काम होतं, डीव्हीडीसाठी तो मोफत आहे. फाइल मात्र डीव्हीडीएवढीच मोठी राहते, आणि आतलं एमपेग-२ चित्र काही टीव्ही व मोबाइल चालवत नाहीत.

एमपी-४ मध्ये एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज, ही जोडी गेल्या दहा-बारा वर्षांतल्या जवळपास कोणत्याही टीव्हीवर आणि फोनवर चालते. आजी-आजोबांना पेनड्राइव्ह लावून बघायचं असेल तर हेच करा, आणि त्यासाठी हँडब्रेक हा मोफत प्रोग्राम वापरा. आयएसओ जपलेली असली की यात दर्जा थोडा कमी झाल्याची खंत उरत नाही.

हँडब्रेकमध्ये नेमकी कोणती सेटिंग ठेवू?

आयएसओ उघडा. तयार सेटिंगपैकी 'एचक्यू ५७६पी२५ सराउंड' घ्या आणि त्यात पुढचे बदल करा.

शीर्षकांची यादी आधी बघा. प्रोग्राम सर्वांत लांब भाग निवडून देतो आणि लोक तेवढाच काढतात. स्टुडिओवाल्याने हळद, सीमांतपूजन, विवाह, स्वागत समारंभ असे वेगळे भाग केलेले असतात. सगळे रांगेत लावा.

दर्जाच्या पट्टीवर आरएफ १८ ते २० ठेवा. आकडा लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. रात्रीच्या, हॅलोजनच्या उजेडातल्या चित्रणात दाणे जास्त असतात, तिथे १८ घ्या. तासाला साधारण १ जीबीच्या आसपास फाइल होते, दाणे फार असतील तर जास्त.

आता फील्डचा विषय, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. घरगुती डीव्हीडीतलं चित्रण बहुधा सेकंदाला ५० अर्धी चित्रं (म्हणजेच फील्ड), एकाआड एक ओळींची, अशा पद्धतीचं असतं. तसंच ठेवलं तर हलणाऱ्या हातांना कंगव्यासारख्या रेघा दिसतात. फिल्टरमध्ये डीइंटरलेस चालू करा, ब्वडिफ किंवा याडिफ निवडा आणि त्याचा 'बॉब' प्रकार घ्या. बॉब अर्ध्या चित्रांची पूर्ण ५० चित्रं करतो आणि लेझीम, वरात, मुलांची पळापळ मूळ टीव्हीवर दिसायची तशी सळसळती राहते. मात्र वरच्या तयार सेटिंगमध्ये चित्रांचा वेग २५ वर बांधलेला आहे. तो ५० आणि स्थिर केला नाही तर बॉबने बनवलेली निम्मी चित्रं टाकून दिली जातात.

रेघा गेल्या पण चाल पुढे-मागे झटके देत असेल तर फील्डचा क्रम उलटा धरला गेलाय. मिनीडीव्ही (छोट्या डिजिटल कॅसेटच्या) कॅमेऱ्याचा क्रम खालची ओळ आधी असा असतो, आणि मिक्सिंग करताना डीव्हीडीवर चुकीची खूण गेलेली असते. याडिफमध्ये क्रम हाताने बदलता येतो. आधी अर्ध्या मिनिटाचा तुकडा काढून बघा, मग पूर्ण रांग लावा.

कडा आपोआप कापायचा पर्याय बंद करून हाताने कापा. अंधाऱ्या हॉलमधला प्रसंग आला की आपोआप कापणी फसते. व्हीएचएसवरून उतरवलेल्या डीव्हीडीत तळाशी आठ-बारा ओळींची थरथरती पट्टी असते, तेवढी काढा.

मोठं करू नका. ७२० × ५७६ चं चित्र १०८० केल्याने तपशील वाढत नाही, फाइल फुगते. टीव्ही ते काम स्वतः करतो.

फाइलमध्ये माणसं जाड किंवा उभट दिसतात.

डीव्हीडीवर चौकोनी आणि रुंद, दोन्ही चित्रं ७२० × ५७६ मध्येच साठवतात. कसं ताणायचं याची खूण वेगळी असते आणि काही टीव्ही यूएसबीवरून चालवताना ती वाचत नाहीत. हँडब्रेकमध्ये अ‍ॅनामॉर्फिक हा ताणण्याचा पर्याय बंद करून माप हाताने द्या: जुन्या चौकोनी चित्रासाठी ७६८ × ५७६, रुंद चित्रासाठी १०२४ × ५७६. कडा कापल्या असतील तर त्याच प्रमाणात कमी. कुठलं चित्र मुळात कसं होतं ते कळत नसेल तर एखादी गोल वस्तू शोधा, औक्षणाचं ताम्हन किंवा गाडीचं चाक. ती गोल दिसली की माप बरोबर.

अमेरिकेतल्या मावशीने पाठवलेली डीव्हीडी वेगळी वागते.

ती एनटीएससी पद्धतीची आहे: ७२० × ४८०, सेकंदाला २९.९७ चित्रं. आपली पाल पद्धत २५ ची. तिला २५ मध्ये कोंबलं तर चाल अडखळते. मूळ वेग तसाच ठेवा, बॉब वापरला तर ५९.९४. आजचे टीव्ही दोन्ही चालवतात. घरगुती डिस्कना बहुधा रीजनचं (जगाच्या कुठल्या भागात डिस्क चालावी याचं) कुलूप नसतं, त्यामुळे ड्राइव्हचा रीजन बदलू नका. तो मोजून पाच वेळाच बदलता येतो.

लग्नाच्या डीव्हीडीवर सगळीकडे सिनेमाची गाणी आहेत. खाली दबलेले मूळ आवाज काढता येतील का?

मिक्सिंगमध्ये मूळ आवाज पुसून गाणं टाकलं असेल तर डिस्कवर तो आवाज नाहीच. मंगलाष्टकं, आजीचा उखाणा, सगळं मूळ टेपवरच राहिलं. ज्यांनी शूटिंग केलं त्यांच्याकडे मिनीडीव्ही कॅसेट अजून आहेत का, एवढं एकदा नक्की विचारा. पुष्कळांनी त्या पुसून पुन्हा वापरल्या, पण एखाद्याकडे खोक्यात सापडतात.

एआयने चित्र फोर-के करून देतात म्हणे. करावं का?

ते प्रोग्राम नसलेला तपशील अंदाजाने भरतात. पानं, साड्यांचे काठ छान दिसतात, पण दूरवरचा चेहरा दुसऱ्याच कोणाचा होतो. गेलेल्या माणसाचा चेहरा बघायला फाइल उघडायची आणि तो त्यांचा नसावा, हे फार वाईट. हौस म्हणून वेगळी प्रत करा, मूळ आयएसओच्या जागी ती ठेवू नका.

विकत घेतलेल्या सिनेमा-नाटकांच्या डीव्हीडींचं काय? कायदा काय म्हणतो?

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२(१)(क) खासगी वा वैयक्तिक उपयोगासाठी रास्त वापराला मुभा देतं. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५क मात्र हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडणं गुन्हा ठरवतं. कुलूप नसलेली डिस्क आपल्या घरात बघण्यासाठी उतरवणं आणि तिची फाइल सोसायटीच्या ग्रुपवर टाकणं, यांत कायद्याच्या दृष्टीने मोठं अंतर आहे. दुसरी गोष्ट करू नका. अमेरिकेत राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिथल्या १९९८ च्या कायद्याने सिनेमाच्या डिस्कचं कुलूप तोडण्यावरच बंदी आहे. ब्रिटनमध्ये खासगी प्रतीची मुभा २०१४ मध्ये आली आणि २०१५ मध्ये न्यायालयाने रद्द केली.

लग्नाच्या चित्रणाबद्दलही विचारणा होते. त्याच कायद्याच्या कलम १७ नुसार, पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्रणाचा पहिला मालक करवून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. स्टुडिओची परवानगी लागेल का, या शंकेचं उत्तर बहुतेकांसाठी तिथेच मिळतं.

टीव्ही पेनड्राइव्ह वाचतो, पण मोठी फाइल कॉपीच होत नाही.

पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा आहे, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. टीव्ही जुना असून एक्सफॅट वाचत नसेल तर एनटीएफएस करून बघा, नाहीतर फाइल दोन भागांत करा. फाइलनावात देवनागरीच्या जागी चौकोन दिसले तर फक्त पेनड्राइव्हवरची नावं रोमन लिपीत द्या.

सगळ्या खोल्यांतून बघायचं असेल तर जुन्या संगणकावर जेलीफिन हा घरातल्या टीव्ही-फोनना व्हिडिओ पुरवणारा मोफत प्रोग्राम बसवा आणि संग्रहाचा प्रकार 'घरगुती व्हिडिओ' निवडा. सिनेमा निवडलात तर तो तुमच्या मुंजीला कुठल्यातरी परदेशी चित्रपटाचं पोस्टर लावतो.

नावं कशी द्यावीत?

वर्ष-महिना-दिवस आधी, मग प्रसंग, मग कोणाचा, मग गाव. तारीख पुढे असली की फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. याच वेळी घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवून कोण कोण दिसतंय ते साध्या मजकुराच्या फाइलमध्ये मिनिटांसकट लिहून घ्या. चित्र शंभर वर्षं टिकवता येईल, पण पंगतीत तिसऱ्या बसलेल्या बाई कोण हे सांगणारं माणूस किती दिवस असेल ते कोणी सांगू शकत नाही.

साठवण किती ठिकाणी?

दोन हार्डडिस्क घरात नव्हे, दोन घरांत. एक तुमच्याकडे, एक भावाकडे किंवा गावी. निवडक फाइलींची तिसरी प्रत क्लाउडवर. दर सहा महिन्यांनी हार्डडिस्क जोडून चालू करा आणि दोन-चार फाइली उघडा. वर्षानुवर्षं वीज न देता ठेवायला एसएसडी आणि पेनड्राइव्ह भरवशाचे नाहीत. कॉपी केल्यावर सेव्हन-झिपमधून दोन्ही प्रतींचा एसएचए-२५६ आकडा (फाइलच्या मजकुरावरून निघणारी तिची ओळख) काढा. तो जुळला तर प्रत अचूक आहे.

नातेवाइकांना कसं पाठवू?

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो फार दाबला जातो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. यूट्यूबवर 'अनलिस्टेड' टाकता येतं, पण मागे सिनेमाची गाणी असल्यामुळे हक्काचा दावा येतो, कधी आवाज बंद होतो, कधी काही देशांत चित्रण दिसत नाही. तिथली प्रत ही साठवण समजू नका.

हे सगळं दुकानातून करून घेतलं तर?

डिस्क थोड्या असतील तर जरूर. पण देताना स्पष्ट सांगा: प्रत्येक डिस्कची आयएसओ हवी, सोबत एमपी-४ हवी, आणि डिस्क परत हव्यात. नुसतं 'पेनड्राइव्हवर टाकून द्या' म्हटलं तर रेघांसकट, चुकीच्या मापाची, कमी दर्जाची फाइल मिळू शकते. आधी एकच डिस्क द्या, शेवटची पाच मिनिटं आणि एखादं ताम्हन तपासा, मग बाकीच्या.

उतरवून झाल्यावर डिस्क टाकून देऊ?

दुसऱ्या घरातली प्रत पोचून तपासली जाईपर्यंत नक्कीच नाही. त्यानंतरही डीडीरेस्क्यूला अपुऱ्या राहिलेल्या डिस्क आणि त्यांच्या मॅप फाइली वेगळ्या डब्यात ठेवा. उद्या मामांच्या माळ्यावर दुसरी प्रत सापडली तर राहिलेली भोकं तेव्हा भरता येतील. डिस्क उभ्या, कडक डब्यात, स्वयंपाकघर आणि उन्हापासून लांब, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा, आणि डब्यावर लिहा: कुठली डिस्क, किती टक्के वाचली, कोणत्या ड्राइव्हवर.